बियाण्याचा कांदा कोण घडवतं

दसरा झाला की बियाण्याचा कांदा निवडायचं काम माझ्याकडे येतं. उन्हाळ्यापासून कांदाचाळीत ठेवलेल्या ढिगातून गोल, बारीक मानेचे, गडद सालीचे कांदे बाजूला काढायचे. ते पुन्हा लावून त्यांचं बी धरायचं. लग्न होऊन कवठ्याला आले तेव्हापासून हे करते. यंदा पाठीनं दमवलं. आज सांगायचंच ठरवलं होतं, की पुढच्या वर्षी दुकानातून बियाण्याची पुडी आणा.

त्याआधीच माझ्या सासऱ्यांची आणि शिरूरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीची जुंपली. सासऱ्यांना घरात सगळेच आप्पा म्हणतात.

"इतका गोल कांदा आपोआप व्हतो व्हय?" आप्पा म्हणाले. "पापुद्र्यात पापुद्रा कसा बसवलाय बग. घडवणारा असल्याबिगर?"

"कुणी बसवला नाही, आप्पा. पिढ्यान् पिढ्या थोडा थोडा बदलत गेला. टिकला तो राहिला."

"आन् ह्यो जोडकांदा?"

"तो तुमच्या देवाचाच. त्या दिवशी लक्ष नसेल त्याचं."

आप्पांना हसू आवरेना. "आईला इचार. सारा कांदा तिच्या हातचा हाय."

सासऱ्यांपुढे मी फारशी बोलत नाही. शिकलेही चौथीपर्यंतच. तरी बोलले. "जोड मी दरवर्षी काढून टाकते, तरी दरवर्षी निघतोच. माझं कुठं ऐकतोय? आन् आपला कांदा आधी इतका टिकत नव्हता, आता टिकतो. ते मी ठरवून केलं न्हाई. सडलेला निवडायला उरतच न्हाई, एवढंच."

"बघा! हेच तर सांगतेय," मुलगी म्हणाली.

"मीबी हेच सांगतोय. हिनं ठरवलं न्हाई, तरी झालं. मग ठरवलं कुणी?"

तेवढ्यात मी पुडीचं सांगून टाकलं.

"देवानं हातात दिलेलं बी सोडायचं न्हाई," आप्पा म्हणाले.

"आई, इतक्या वर्षांची निवड अशी घालवतात का?"

सकाळपासून भांडत होते, ते माझ्या पाठीवर येऊन एक झाले.

"मग बसा हिथं दोघं," मी म्हणाले. आवाज मलाच मोठा वाटला.

बसले. आप्पा मोठे कांदे उचलत राहिले, जाड मानेचेसुद्धा. ते आतून लवकर सडतात. मी गुपचूप विक्रीच्या ढिगात टाकत गेले. थोड्या वेळानं त्यांचे गुडघे दुखायला लागले, मुलीला फोन आला. उरलेला ढीग मी एकटीनं संपवला.

पुढच्या वर्षी निवडायला मी अजून हो म्हटलेलं नाही.