हाइब्रिड पुदिन्याची सांबारवडी

माझ्या हातून आयुष्यात एकच झाड जगलं, आणि ते मरणार कधी याची घरच्यांना आजही काळजी आहे.

लग्न ठरवायला आलेल्या सासऱ्यांनी आमच्या दारातली मेलेली तुळस पाहून विचारलं होतं, "ज्याले तुळस जगवता येत नाही, तो माही पोट्टी काय सांभाळन?" (तुळस मेली होती खरी, पण जास्त पाणी घालून, निष्काळजीपणानं नव्हे!) तेव्हापासून त्यांच्या तोंडून एक शाबासकी ऐकायची, हे माझं ध्येय झालं.

रायपूर छत्तीसगडची नवीनच राजधानी झालं तेव्हा माझी तिथं बदली झाली. पुरानी बस्तीत परसाचं घर मिळालं. अभनपूरच्या रोपवाल्यानं मला पेपरमिंटचं रोप दिलं.

"हाइब्रिड पुदिना आय भैया, मारबे तभो नइ मरय!"

मारलं तरी न मरणारं! मला असंच झाड हवं होतं.

तो खरंच मेला नाही. त्यानं टोमॅटो गिळले, मिरच्या गिळल्या, शेवटी बायकोचा सांबारही गिळला. (कोथिंबिरीला आम्ही विदर्भवाले सांबार म्हणतो.) त्याची चटणी चाखून बायको म्हणाली, "आपण जेवून राहिलो की दात घासून राहिलो?"

आणि नागपूरहून सासरे, म्हणजे आमचे मामाजी, आले! प्रवासात सर्दी होऊन नाक बंद झालेलं, तरी लेकीला म्हणाले, "सांबारवडी कर वो माय."

"बाजारातून सांबार आणा," बायको मला म्हणाली.

"काहून? परसात एवढं हिरवं आहे ना! मामाजींनी माझ्या हातानं लावलेलंच खाल्लं पाहिजे."

"अहो, तो पुदिना बी धड नाही!"

"तळल्यावर कोणाले समजते?"

समजलं. मामाजींनी गरम वडीचा घास घेतला. तिखट लागलं म्हणून श्वास आत ओढला, तर तोंडभर गारठा पसरला. गारठा जावा म्हणून पाणी प्यायले, तर तो दुप्पट झाला! भर दुपारी मामाजी मफलर मागू लागले. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी परसाकडे.

मग मामाजी जोरात शिंकले. त्यांनी नाकानं लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"वा, जावईबापू!"

मला भरून आलं. इतक्या वर्षांनी शाबासकी!

"नाक एकदम मोकळं झालं! त्या पुदिन्याच्या थोड्या मुळ्या बांधून द्या मले."

उरलेल्या वडीला मात्र त्यांनी हात लावला नाही.

आता सासरच्या घराघरांत ते झाड आहे, आणि माझी आठवणही सगळे मानानं काढतात. फक्त त्यासाठी कोणाला तरी सर्दी व्हावी लागते.