कडीवरचा धागा

बाबा जबलपूरच्या एका कारखान्यात आग विझवणाऱ्या विभागात होते. रिटायर झाल्यावर हुकूम सोडायला त्यांना आई आणि मी, दोघीच उरलो. कांचघर भागातल्या आमच्या घरी त्यांनी आग विझवायचा लाल सिलेंडर आणला, तोही पावडरचाच. पेटलेल्या तेलावर पाणी पडलं की भडका उडतो, हे त्यांनी दुकानदारालाच अर्धा तास शिकवलं. सिलेंडर शेगडीपाशी न लावता स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांगला. दर महिन्याला दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते बघायचे. कडी ओढून पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडी दाबायची, झाडू मारल्यासारखी नळी फिरवायची. मला हे पाढ्यांसारखं पाठ होतं.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा यायची. कारखान्यात मशिनींना हळदकुंकू, तसं आमच्याकडे स्कूटरला, पान्ह्यांना आणि सिलेंडरला. लाल कलावा बांधायचं काम माझं. मी तो दांडीभोवती आणि पिनेच्या कडीतून घट्ट आवळायचे, जुन्या धाग्यावर नवा. पूजेचा धागा कापायचा नसतो, असं आमच्याकडे मानतात.

त्या रविवारी आई पुऱ्या तळत होती आणि कढईतलं तेल पेटलं. मी सिलेंडर काढला, कडी ओढली. हलेना. इतक्या वर्षांचा कलावा फोडणीच्या वाफेने चिकटून चामड्यासारखा झाला होता. मी तो दातांनी तोडू लागले. आईने गॅस बंद केला, माझी वाट पाहिली, आणि मग ती दोन फडक्यांत कढई धरून अंगणाकडे धावली. पेटलेलं भांडं हलवायचं नाही, हेही आम्हाला पाठ होतं. उंबऱ्यात तेल हिंदकळून तिच्या दोन्ही पायांवर सांडलं. बाबांनी धावत येऊन कढईवर परात पालथी घातली. आग तेवढ्यानेच विझली.

मी धागा दातांत धरून उभी होते. मला काही वाटलं नाही. दवाखान्यातही नाही. धीराची पोर आहे, असं बायका म्हणायच्या. धीर कसला, मी नुसती ठोकळा झाले होते. आई आता भिंत धरून चालते. धाग्याचं नाव मात्र घरात कोणी काढलं नाही.

पुढच्या पूजेला मी कलावा आणलाच नाही. बाबा पान्हे पुसत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो धागा मले दिसत होता. दर महिन्याला काटा पाहून राहिलो होतो ना मी. कापला नाही."

आई समोरच खाटेवर पायांना खोबरेल लावत होती. मला हलकं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा काही वाटलं, आणि ते हे.