स्कँडल, रेझालेत आणि माझी जीभ

माझ्या जिभेला हाड नाही, हे सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता येत नाही.

नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपायी आम्ही ऐंशीच्या दशकात मिल्टन कीन्सला आलो. मुलगी मोठ्या शाळेत गेल्यावर मीही एका प्रायमरी स्कूलच्या किचनमध्ये डिनर लेडी म्हणून लागले. तिथं बटाटे सोलायला माझ्या शेजारी एक तुर्की बाई असायची. माझ्याच वयाची, नवरा वारलेला, दोन मुलं. दिराचं चिप शॉप होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर ती राहायची. तिची थोरली माझ्या मुलीच्या वर्गात. आम्हा दोघींचं इंग्लिश सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं मस्त जमलं.

अकराच्या चहाला टेबलावर पेपर असायचा आणि त्यात कुणातरी मंत्र्याचं काहीतरी बाहेर पडलेलं असायचं. गोऱ्या बायका बिस्किट चहात बुडवत म्हणायच्या, “ओह, व्हॉट अ स्कँडल!” त्यांचे चेहरे असे खुलायचे, की कुणाचं बारसं आहे वाटावं.

मी तिला विचारलं, “तुमच्यात काय म्हणतात गं याला?”

“स्कांदाल. पण तो पेपरातला शब्द. मंत्र्यांचा, फुटबॉलवाल्यांचा. आपल्या घरात झालं तर रेझालेत.”

रेझालेत मला माहीत होता. बस अर्धा तास आली नाही की ती स्टॉपवर हेच पुटपुटायची. तसं मी म्हटल्यावर ती हसली. म्हणाली, “बसला म्हणतो ते नुसतं तोंडानं. खरी रेझालेत झाली ना, तर माणसाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. तुम्ही काय केलंत ते कुणी विचारत नाही. लोकांनी बघितलं, संपलं.”

मग तिनं कुचाळक्यांसाठीचा शब्द सांगितला, देदीकोदू. म्हणजे म्हणे, ‘बोलला आणि ठेवलं’. कुणीतरी येतं, बोलतं, आणि ते तिथंच ठेवून निघून जातं.

“आमच्यात भानगड म्हणतात,” मी ऐटीत म्हणाले, “आणि आमची भानगड हसत हसत सांगता येते.”

काय ती माझी ऐट! आठवलं की अजून स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्याच हिवाळ्यात तिनं मला एक गुपित सांगितलं. ती ड्रायव्हिंग शिकत होती. कौन्सिलच्या व्हॅनमधून घरोघरच्या म्हाताऱ्यांना जेवण पोचवायचं काम होतं, लायसन्स मिळालं की ते तिला मिळणार होतं. मग मुलांना घेऊन स्वतःच्या घरात राहायचं. दिराला तिचं एकटीनं बाहेर जाणंच खपत नव्हतं, म्हणून शनिवारी शॉपिंगला जाते सांगून ती निघायची आणि लायब्ररीमागून एका गोऱ्या शिकवणाऱ्याच्या गाडीत बसायची. टेस्टची तारीखसुद्धा मिळाली होती.

“फक्त तुला सांगितलंय,” ती म्हणाली. मी गळ्याची शपथ घेतली.

जानेवारीत माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पंधरा-सोळा जणी, कुणी नॉटिंगहॅमहून आलेली. प्रत्येकीनं उखाणा घेतला. मला मेलीला उखाणे कधीच जमले नाहीत. सगळ्या म्हणाल्या, “तू राहू दे गं, तू आपली एखादी गंमत सांग.” आणि मी सांगितली. आमच्या किचनमधली तुर्की बाई, दर शनिवारी नटूनथटून लायब्ररीमागे जाते, गोऱ्याच्या गाडीत बसते, तासाभरानं लालबुंद चेहऱ्यानं उतरते. नकलेसकट सांगितलं. बायका हसून हसून लोळल्या. एकीच्या हातातला तिळगूळ सांडला.

ती गाडी शिकतेय हे मी सांगितलंच नाही. मला माहीत होतं की! पण ते सांगितलं असतं तर हसलं कोण असतं?

वर मला वाटलं, मराठीत बोलतोय, इथं कुणाला कळतंय. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. बसमध्ये, दुकानात, गोऱ्यांच्या तोंडावर आम्ही बिनधास्त काहीही बोलायचो. पोरं पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत होती, त्यांना तर आम्ही धरतच नव्हतो.

दहा-बारा दिवसांनी ती कामावर आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. तिची मुलगी शाळेतून रडत घरी आली होती. वर्गात पोरी म्हणत होत्या, तुझ्या आईचा बॉयफ्रेंड आहे, व्हॉट अ स्कँडल! ते दिराच्या कानावर गेलं. त्यानं तिचं शिकाऊ लायसन्स मुलांसमोर टराटरा फाडलं. शनिवार बंद. टेस्ट गेली. आणि त्यांच्यातली माणसं चिप्स घ्यायच्या निमित्तानं येऊन तिला बघून जात होती.

“रेझालेत,” ती म्हणाली. आवाज कसा तो नव्हताच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “कुणी ठेवलं असेल हे?”

मी मान खाली घालून बटाटा सोलत राहिले. सोलून झाला तरी सोलत राहिले.

घरी येऊन मुलीला धरलं. ती बिचारी घाबरली. म्हणाली, “आई, तूच तर तो गोष्ट सांगितला ना? मी फक्त एका फ्रेंडला सांगितला. इट वॉज फनी!” मी हात उगारला होता. तो तसाच खाली आला. कुणाला मारणार होते मी? मराठीतली माझी गंमत पोरीनं इंग्लिशमध्ये नेली, आणि तिथून ती त्या बाईच्या घरात जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी कामावर मी त्या बाईला सगळं सांगितलं. सिंकपाशी, सगळ्यांसमोर. वाटलं, शिव्या देईल, सोलणं फेकून मारेल. मारायला हवं होतं. ती हळूच म्हणाली, “आयप एत्तिन.”

आयप म्हणजे आपल्यातला ऐब. पाहुण्यांआधी खाऊला हात घातला की लहान मुलांना म्हणतात, तितकाच साधा शब्द. असं करायला नको होतंस तू, एवढंच. तिनं बादली उचलली आणि पलीकडच्या सिंकवर गेली. ईस्टरनंतर ती कामावर आलीच नाही. मुलांना घेऊन दिराचं घर सोडलं, एवढंच कानावर आलं.

दोन वर्षांनी राउंडअबाउटजवळच्या स्टॉपवर मी बसची वाट बघत होते. समोरून कौन्सिलची जेवणाची व्हॅन आली. चालवत तीच होती. मला इतका आनंद झाला, की मी भर रस्त्यात वेड्यासारखा हात हलवला. तिनं मला बघितलं. नक्की बघितलं. तिचे दोन्ही हात स्टेअरिंगवरच राहिले, आणि व्हॅन वळून गेली.

हे मी घरी येऊन कुणालाच सांगितलं नाही.