मामीचे घोडे पोळ्यात

माझ्या मामीइतकी हट्टी बाई तामसीपासून आदिलाबादपर्यंत दुसरी झाली नाही, आणि होऊही नये, असं मामा म्हणतो. हळूच म्हणतो. मामीला माणसांपेक्षा घोडे बरे वाटतात, आणि हे ती माणसांच्या तोंडावर सांगते. घरात शिरलात की देव्हाऱ्याशेजारी घोडा, टीव्हीवर घोडा, पिठाच्या डब्यावर घोडा. मातीचे, लाकडी, पितळेचे, जत्रेतले प्लास्टिकचे. एकाला शेपूट नाही, एकाचा कान गेलेला. धडधाकट घोडा ती विकत घेतच नाही. "चांगला तं कोनीबी घेते," म्हणते. दुकानदार बिचारा मोडका माल मागे लपवतो आणि ही नेमका तोच मागते. आदिलाबादच्या बाजारातली तेलुगू माणसं तिला 'गुर्रम अम्मा', म्हणजे घोड्यांची आई म्हणतात. कुणी ते हसून म्हटलं तरी ती पदर सावरून ऐटीत पुढे जाते.

बरं, घरातले घोडे निदान खात नाहीत. गोठ्यात जिते आहेत त्यांचं काय? एक टांग्याचा म्हातारा, डोळ्यात फूल पडलेला. एक वीटभट्टीवरून आणलेलं तट्टू, ज्याला पाठ म्हणून काही उरलीच नव्हती. आणि बिजली. बिजली वरातीची पांढरी घोडी. पाय लंगडा झाला तशी बँडवाल्यानं तिला रस्त्याच्या कडेला सोडून दिली आणि मामीनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणली. कापूस वेचणीच्या दिवसांत मामाला भाकर वेळेवर मिळेल याचा भरवसा नसायचा, पण बिजलीचा पाय मिठाच्या पुरचुंडीनं शेकल्याशिवाय मामी शेताकडे निघायची नाही. मामा एकदा म्हणाला, "माया गुडघाबी दुखून राह्यला बाप्पा." मामी म्हणाली, "तुमाले सांगता येते. तिले येते काय?"

आमच्याकडे भाच्याला देवाचा मान. मी गेलो की मामी वाकून माझ्या पाया पडते, "बसा भाचेबुवा," म्हणते, आणि चहा संपायच्या आत हातात फावडं देते. एकदा मी कुरकुरलो. "देवानं लीद काढली तं देवपन जात नाई," ती म्हणाली. हसा खुशाल. मी काढली लीद, आणि अजूनही काढतो.

गावाशी तिचं वाजलं ते पोळ्यावरून. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत मारुतीपुढे आणतात. त्यात एका वर्षी साठी उलटलेली मामी आपला तीन पायांचा लाकडी घोडा ओढत हजर! लोक पोट धरून हसले. गावच्या पटेलांना गंमत वाटली, त्यांनी तिलाच पहिलं बक्षीस देऊन टाकलं. गावाची चूक झाली ती इथंच.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे आपापल्या बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या," म्हणत होते. मामी घोड्यांच्या पाठी चोळत तेच आवतण देत होती. आणि दुसऱ्या दिवशी, तोरण तोडून पोळा फोडायच्या आधी, तोरणाखाली बैलांची रांग लागली, तर शेवटी झूल घातलेले तीन घोडे, पुढे मामी.

पटेल धावत आले. "वयनी, पोळा बैलाचा असते!"

"मांगच्या साली लाकडाच्या घोड्याले बक्षीस कोनं देल्लं?"

"म्या देल्लं. पन..."

"मंग लाकडाचा चालते आन हाडामासाचा काऊन नाई? तुमच्या पोराची वरात याच बिजलीवर निंघाली व्हती ना? थ्या दिवशी बरी चालली तुमाले!"

तेवढ्यात वाजा सुरू झाला. त्या वर्षी हौसेनं आदिलाबादचा बँड बोलावला होता. पहिली थाप पडली आणि बिजलीनं मान ताठ केली. मग एकेक पाय उचलून नाचायला लागली. लंगडा पायसुद्धा उचलत होती, टेकवताना अंगभर थरथरत होती. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या.

"बंद करा थो वाजा!" मामी एवढ्या मोठ्यानं ओरडली की बैल बुजले. "थे नाचून नाई राह्यली, थे मार आठवून राह्यली!"

बँडचा मालक पुढे आला. घोडी त्याचीच होती, त्यानं ओळखली. "हे तं आपली बिजली! पाय बरा झाला की हिचा. बाई, दिवाळीनंतर लगनं हायेत, मी नेतो हिले."

"हात तं लावून पाह्य!" मामी घोडीच्या पुढे उभी राहिली. "रस्त्यावर टाकली तवा कोनाची व्हती?"

मला वाटलं, गाव आता बँडवाल्याची बाजू घेणार. पण पटेलच गरजले, "वयनीनं वाजा बंद म्हनलं ना? मंग बंद!" वाजा थांबला. बिजलीचे पायही थांबले.

आणि मग घोडीनंच दगा दिला. ती मामीला वळसा घालून सरळ बँडवाल्याकडे गेली आणि त्याच्या खिशात तोंड खुपसलं. कधीकाळी तो तिला गूळ देत असावा. मामीच्या हातातली दोरी सैल पडली. "जाते काय वो माय?" ती म्हणाली. तिचा एवढा बारीक आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तिनं दोरी ओढली नाही. बँडवाल्यानं वाकून घोडीचा लंगडा पाय चाचपला, तशी ती दचकली. मग त्यानंच तिला चालवत परत आणलं. "पाय अजून दुखते हिचा," एवढंच म्हणाला आणि खाली बघत निघून गेला.

तेव्हापासून तो दर पोळ्याला येतो, बँडशिवाय, खिशात गूळ घेऊन. मामी त्याच्यापुढे पुरणपोळीचं ताट आदळते, बोलत मात्र नाही. मी एकदा विचारलं, "मामी, माफ केलं काय त्याले?"

"म्या नाई केलं. तिनं केलं. मी मंधात पडनारी कोन?"

यंदा पोळ्याला बिजलीला उठवेना. मामी सकाळपासून तिच्या मानेशी बसली होती, आणि दुसऱ्या बाजूला बँडवाला, गूळ मुठीत धरून. बिजलीनं तो हुंगला, खाल्ला नाही. उन्हं कलली तशी पटेल स्वतः गोठ्याच्या दाराशी आले. "वयनी, बैल तोरनाखाली उभे हायेत. तुमचे घोडे येऊन राह्यले काय? पोळा थांबवतो."

मामीनं वर पाहिलं नाही. "फोडा पोळा," ती म्हणाली. "आमी इथंच हावो."