तो पोरगो वाचलो

दत्ताराम घाडी पळाला तेव्हा ट्रकचं इंजिन चालूच होतं, असं पोलिसांनी त्याच्या बायकोला सांगितलं. प्रेमाला ते पटेना. सिग्नलला जरा जास्त वेळ लागला तरी गाडी बंद करणारा माणूस तो.

दत्ताराम भांडुपच्या देवेश नावाच्या मालकाचा ट्रक चालवायचा. त्या सकाळी टाइल्स भरून तो मुलुंडहून निघाला आणि एलबीएस रोडवरून डावीकडे गोदामाच्या गल्लीत वळत होता. तेवढ्यात डाव्या बाजूने एक बाइकवाला आत घुसला, रेतीवर घसरला आणि मागच्या चाकाखाली गेला. दत्ताराम खाली उतरला. पोरगा निपचित पडलेला, रस्त्यावर रक्त. लोक जमले. कुणी कॉलर धरली, कुणी दगड उचलला. झटापटीत त्याचा मोबाईल पडला, शर्ट फाटला. तो कसाबसा सुटला आणि धावत सुटला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

प्रेमा मुलुंड कॉलनीत, डोंगराच्या कडेला असलेल्या खोलीत एकटीच राहिली. मूलबाळ नव्हतं. प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं लावायच्या कारखान्यात ती कामाला जायची. गावी कणकवलीकडे फोन लावून झाले, तिथेही तो पोचला नव्हता. ड्रायव्हर लोकांत तेव्हा एकच बोलणं होतं, माणूस गेला आणि ड्रायव्हर पळाला तर दहा वर्षं आत. दत्तारामच्या डोक्यात तेच असणार, हे प्रेमाला कळत होतं. रविवारी बाजारात बांगडे दिसले की तिची पावलं रेंगाळत. बांगडे आणायचा तो, साफ करायचा तो, आणि तिने तिखट कमी घातलं म्हणून कुरकुरायचाही तोच. एकटीसाठी काय घ्यायचे? ती भाजी घेऊन घरी यायची.

पावसाळा सरत आला असताना दारात एक रिक्षा थांबली. कुबडी घेतलेला एक तरुण उतरला.

"मी केयूर. घाटकोपरहून आलो," तो म्हणाला. "त्या ट्रकखाली आलो होतो, तो मी."

प्रेमाने त्याला आत घेऊन बसवलं. तिची नजर त्याच्या पायावरून हलेना.

"मांडीत रॉड आहे," केयूर म्हणाला. "काकी, काकांची चूक नव्हती. त्यांचा इंडिकेटर चालू होता, मीच घाईत डावीकडून घुसलो. पोलिसांना तसाच जबाब दिलाय. काका भेटतील म्हणून आलो."

प्रेमाने त्याच्यासाठी चहा ठेवला. मग पाठमोरी उभी राहून ती म्हणाली, "ह्यांना माहीतच नाहीये रे, की तू जगलास."

दुसऱ्या दिवशी ती देवेशकडे गेली. तो म्हणाला, "वहिनी, आता प्रश्न राहिला तो जखमीला टाकून गेल्याचा. लोक मारायला उठले तर तिथून निघायची मुभा कायदा देतो. पण मग सरळ पोलीस ठाण्यात जायला पाहिजे होतं. अजून येऊ दे, वकील मी देतो. गाडी माझी आहे, जबाबदारी माझ्यावर पण येतेच. आणि चूक कुणाचीही असली तरी विम्याकडून थोडी भरपाई मिळते, दत्तारामच्या जबाबाशिवाय त्या पोराचं ते काम पण अडलंय."

येऊ दे म्हणजे कुठून? प्रेमा चेकनाक्याजवळ, लांबच्या गाड्या थांबतात तिथे जाऊ लागली. गोव्याकडे, कर्नाटकाकडे निघालेल्या ड्रायव्हरांना मोबाईलवरचा फोटो दाखवायची. एकदा एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "असं एकेकाला किती सांगशील? बोल ह्याच्यात, मी आमच्या ग्रुपवर टाकतो." त्याने फोन तिच्या तोंडाशी धरला. प्रेमा घरच्या मालवणीत म्हणाली, "तो पोरगो वाचलो. तुमची चूक न्हय म्हणान सांगता. घराक येवा." आणि आपला नंबर सांगितला.

तो आवाज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जात राहिला. नवरात्र आलं, गेलं. फोन वाजला की प्रेमा हातातलं झाकण टाकून बाहेर धावायची. कधी बँकवाले असत, कधी चुकीचा नंबर. सुपरवायझर आधी ओरडायचा, मग बोलायचा थांबला.

दिवाळीनंतर एका दुपारी फोन आला. मागे टायरवर हातोडा पडल्यासारखा आवाज येत होता.

"तो पोरगो... खरांच वाचलो?"

"वाचलो," प्रेमा म्हणाली. "घराक इल्लो. चाय पिऊन गेलो."

"माका वाटला, माज्या हातान मेलो तो."

"तुमी खंय आसात?"

"हुबळीक. पंक्चरच्या दुकानात." आणि दत्ताराम रडू लागला. "जेवल्यात?" एवढंच तिने विचारलं.

तो आला तेव्हा खंगलेला होता, दाढी पांढरी झाली होती. देवेश आणि वकील त्याला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. अटक झाली, जामीन मिळाला. तारखा चालू आहेत. केयूरचा भरपाईचा दावाही पुढे सरकू लागला. ट्रक मात्र दत्तारामने पुन्हा हातात घेतला नाही. देवेशच्या गॅरेजमध्ये सुटणाऱ्या गाड्यांचे ब्रेक, दिवे, डाव्या बाजूचे आरसे तो तपासतो. घरी आला की दारात बसून राहतो. प्रेमा कामं करता करता त्याच्याकडे बघते. इतके महिने जो माणूस तिने मनात धरून ठेवला होता, तो अजून पुरता घरी आलेला नाही, असं तिला वाटतं.

परवा तिचा फोन वाजला. तिचे हात पिठात होते, म्हणून दत्तारामने उचलला. सोलापूरकडचा कुणी ड्रायव्हर होता. तिचा तो आवाज त्याला आता कुठे मिळाला होता. त्याच्याही गाडीखाली कुणी आलं होतं, आणि तोही पळाला होता.

"माझ्या गाडीखाली आलेला माणूस वाचला का, हे कुणाला विचारू?" तो विचारत होता.

"पोलिसांना," दत्ताराम म्हणाला. "आधी एखादा वकील गाठ, मग त्याला घेऊन ठाण्यात जा. मेला असला तरी जा. नाय कळलं तर रोज मरतो आपण." तो पलीकडचं ऐकत राहिला. मग फोन प्रेमाच्या कानाला लावला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."

प्रेमा म्हणाली, "भाऊ, तुमची बायको कुठे असते? तिचा नंबर द्या मला."