जेवणाच्या सुट्टीतली खिडकी

रोह्याच्या एका केंद्र सरकारी कचेरीत मी नवी लागले, तेव्हा दुपारी खिडकी बंद व्हायची आणि सगळे मिळून डबे उघडायचे. नेमकी त्याच सुमारास जिते गावाकडून गाडीने आलेली माणसं पायरीवर ताटकळत बसायची. कारभार लोकाभिमुख करा, असे आदेश दिल्लीहून आले होते. आमचं त्यावर प्रशिक्षणही झालं होतं. खिडकी मात्र बंदच राहायची.

एकदा पेन्शनच्या कामाला आलेल्या एका म्हातारीने बाहेरून मला हाक मारली. "माझं एवढं काम करशील का गो? परतीची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नाय."

मी हात धुतले आणि खिडकी उघडली. तिचं काम लगेच झालं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हणाले, "आपण पाळीपाळीने जेवू या."

"तसा आदेश वरून आलेला नाही."

"मग मी एकटी उशिरा जेवते."

सहकारी चिडले. बरेच दिवस मला कोणी चटणीसुद्धा विचारली नाही. मी खिडकीत बसत राहिले. एका दुपारी गर्दी फारच वाढली, तेव्हा समोरच्या टेबलावरच्या बाई अर्धा डबा झाकून माझ्या मदतीला आल्या. त्यानंतर हळूहळू पाळ्या ठरल्या.

पुढे माझी पेणला बदली झाली. पहिल्याच दुपारी तिथले लोक डबे काढू लागले, तेव्हा मी विचारलं, "आज उशिरा कोण जेवणार?"

सगळ्यांनी आपापले डबे उघडले. मी माझा डबा पुन्हा पिशवीत ठेवला.