कासवाची अंडी आणि काकूंचा कूलर

कोकणातल्या किनाऱ्यावर मी कासवांची अंडी सांभाळते. हे काम समुद्रापासून लांब असलेल्या आमच्या गावात कोणाला समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. गावाजवळच्या अनसिंगच्या बाजारात भेटलेल्या ओळखीच्या एका मामांनी तर मला अंड्यांचा भाव विचारला होता. आईला मात्र यंदा नीट सांगायचंच असं मी ठरवून सुट्टीला घरी आले. मे महिना होता. दुपारी आम्ही दोघी ओसरीत लसूण सोलत बसलो होतो.

मी सांगितलं, की समुद्री कासवाची मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. अंड्यात नर वाढणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू तापलेली असली तर माद्या, जरा थंड असली तर नर. आता उन्हाळे वाढलेत. वाळू अशी तापते की नुसत्या माद्याच निघतील की काय अशी भीती वाटते, आणि फारच तापली तर पिल्लं अंड्यातच मरतात. भरतीचं पाणीही पूर्वी येत नव्हतं तिथवर यायला लागलंय. म्हणून आम्ही अंडी उचलून वरच्या अंगाला कुंपणात पुरतो, वाळूची उष्णता मोजत राहतो आणि ऊन चढलं की वर हिरवी जाळी बांधतो.

"संत्र्याच्या कलमायवर बांधतो तशी?" आईनं विचारलं.

"अगदी तशीच."

आई खूश झाली, आणि मी तिच्याहून जास्त. इतक्या वर्षांत माझं काम घरात पहिल्यांदा कोणाला तरी कळलं होतं. तो आनंद मला जेमतेम एक दिवस पुरला.

कारण आईनं संध्याकाळीच ते शेजारच्या काकूंना आपल्या भाषेत सांगून टाकलं. थंडाव्यानं पोरगा होतो आणि उन्हानं पोरगी, असं माझ्या पोरीनं शोधून काढलं, इतकंच. कासव दोन अंगणांच्या मध्ये कुठंतरी गळून पडलं.

काकूंची सून, म्हणजे आमची वहिनी, तेव्हा पोटुशी होती. तिला पहिली मुलगी होती. रोज सकाळी ती वावरात तुरीची धसकटं वेचायला जायची आणि ऊन डोक्यावर आलं की लालबुंद होऊन परतायची. दुसऱ्या दिवशी मी सहज डोकावले, तर वहिनी खाटेवर आडवी आणि समोर कूलर. हा कूलर आजवर तिच्या नवऱ्याचा होता. नवरा कूलरपुढे असा काही पसरायचा, की घरातल्या बाकीच्यांच्या वाट्याला नुसता आवाज यायचा. आज तो बाहेर निंबाखाली घाम पुसत बसला होता.

"काय वहिनी, थाट आहे तुमचा!"

सासू आसपास नाही ना ते पाहून तिनं मला हाताला धरून जवळ बसवलं. "ताई, हात जोडते, आमच्या बुढीले खरं काय ते सांगू नोका. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दुपारी पाठ टेकून राह्यली मी."

मला आधी हसू फुटलं आणि मग राग आला. पोटुशी बाईनं असल्या उन्हात जाऊच नये, तिला गारवा मिळाला याचं मला बरंच वाटत होतं. पण पुन्हा मुलगी झाली तर? एवढा गारवा देऊनही मुलगीच झाली, म्हणजे हिच्यातच खोट, असं काकू गावभर सांगणार आणि वर माझ्या शिक्षणाचा दाखला देणार. मी वहिनीला तसं बोलून दाखवलं. तिनं हात लांबवून कूलरच्या जाळीवर ठेवला.

"मंग सांगा," ती म्हणाली. "पन कूलर राहू द्या."

तेवढ्यात खिडकीला लावायला ओलं पोतं घेऊन काकूच आत आल्या. "बरी सापडली पोरी. किती महिने थंडाव्यात ठेवा लागते वं हिले?"

"काकू, ते कासवाचं आहे. मानसाचं तसं नसते. मानसाचं पोटात राह्यलं तवाच ठरून जाते, अन् ते बापाकडून येते. आई सावलीत बसो की उन्हात, तिच्या हाती त्यातलं काहीच नाही."

"मंग हे कूलर?"

"कूलर पाहिजेच. पोरगा असो की पोरगी, ऊन दोघायलेबी बाधते."

काकू पोतं धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यातलं पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत होतं. मी भांडायच्या तयारीत होते. माझं तोंडही काही कमी नाही.

"बापाकडून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आईकडून नाही?"

"नाही काकू."

काकूंना आधी चार मुली आणि मग हा मुलगा. दिवाळीला त्या चौघी आल्या की आमची गल्ली भरून जाते, मला त्या फार आवडतात. पण त्यांच्या जन्माच्या वेळी काकूंनी काय सोसलं असेल, हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"माही सासू मले बाळंतपनात कोरडी भाकर देये," काकू म्हणाल्या. "पोरगी झाली म्हनून. चारी वक्ताले. अन् आमचे हे बाजूले बसून तूप घेऊन जेवत."

वहिनी उठून बसली. काकूंनी पोतं खिडकीला घट्ट बांधलं, कूलरचं तोंड वहिनीकडं नीट वळवलं आणि बाहेर निंबाखाली मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ. धसकटं तसेच पडले वावरात, ते येचून आन. अन् हिच्या बाळंतपनाच्या तुपाचं आतापासूनच पाहून ठेव. पोरगी झाली तरी मी तिले तूपच वाढनार हाय."